ताडकळसच्या सुईणीची नात

परभणी, ८ जून १९४६

चि. दिनकर,

थोरल्या बहिणीने पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. मी ते शेवटी लिहीन, उरले तर.

आईच्या वर्षश्राद्धाला तू मला बोलावलं नाहीस, तेव्हापासून आपलं येणंजाणं नाही आणि पत्रही नाही. मी माझ्या शाळेत मांगवाड्यातल्या मुलींना बाकीच्यांच्याच सतरंजीवर बसवते, म्हणून कस्तुराबाईंच्या माहेरची माणसं माझ्या पंक्तीला बसली नसती. बायकोचं माहेर सांभाळायचं की स्वतःची बहीण, हे तू ठरवलंस. मी गप्प राहिले. आता मी मुख्याध्यापिका नाही, पेन्शनीत निघाले आहे. गप्प बसायचा पगार बंद झाला आहे.

बायना काल हैदराबादहून परत आली. तुझ्यासमोर मंगळवारी जी मुलगी उभी होती ती. तुमच्या मेडिकल कॉलेजच्या निवड समितीत तुम्ही तिघे जण होतात आणि मधल्या खुर्चीवर तू होतास. आधीच्या मुलांना बसायला खुर्ची होती. हिच्या वेळेला ती खुर्ची शिपायाने बाहेर नेली. कोणी सांगितलं ते विचारत नाही. शिपाई स्वतःच्या मनाने फर्निचर हलवत नाहीत.

इंटर सायन्सला ही मुलगी पहिल्या वर्गात आली. तिला तुम्ही हाडांचं, रक्ताचं, रसायनाचं काही विचारलं नाही. तुझ्या उजवीकडच्या गृहस्थांनी विचारलं, "हलगी वाजवता येते का?" आणि हसले. मग तू विचारलंस. शुद्ध उर्दूत, अगदी सभ्यपणे: "डॉक्टर होऊन करशील काय? कोणतं घर तुला उंबऱ्याच्या आत घेईल? कोणती बाई तुझा हात लावून घेईल?"

ती काही बोलली नाही. तुम्ही कागदावर लिहिलंत, उमेदवार निरुत्तर.

ती निरुत्तर का झाली, ते आता मी सांगते. बायना ही ताडकळसच्या चतुराबाई सुईणीची नात. आई नाही, बापाने दुसरं घर केलं, आजीने वाढवली आणि मी शिकवली. चतुराबाईंच्या घरात एक रीत आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. कोणत्या घरात कोणाचं बाळंतपण केलं, कसं झालं, कोण जगलं, हे सुईण त्या उंबऱ्याबाहेर बोलत नाही. मूल मोठं झालं, सावकार झालं, तहसीलदार झालं, रस्त्यात समोर आलं, तरी ती "तुला मी काढलं" असं म्हणत नाही. म्हटलं तर तिला पुन्हा कोणी बोलावत नाही. बायनाने हे आजीच्या मांडीवरच घेतलेलं आहे. तू तो प्रश्न विचारलास, तेव्हा तिला उत्तर ठाऊक होतं. ते उत्तर तिच्यासमोर चष्मा लावून बसलं होतं.

मी सुईण नाही. मला ती रीत लागू नाही.

तू ताडकळसच्या घरात जन्मलास. मी नऊ वर्षांची होते आणि घंगाळात गरम पाणी आणून द्यायला मला दाराशी उभं केलं होतं. तू पायाळू आलास. निळा पडला होतास आणि रडत नव्हतास. आजीने सूप पालथं घातलं, म्हणजे आशा सोडली. तेव्हा चतुराबाई पंचविशीच्या असतील. त्यांनी तुला मांडीवर घेतलं, बोटाने तुझं तोंड साफ केलं आणि तुझ्या तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. पुन्हा घातली. घालतच राहिल्या, तू रडेपर्यंत. तुझ्या छातीत गेलेला पहिला वारा एका मांगिणीच्या तोंडातला आहे, दिनकर. आईने मला देवाची शपथ घातली आणि मी ती आई असेपर्यंत पाळली.

आता तुझा प्रश्न पुन्हा विचार.

बायनाला परत बोलाव. बाकीच्यांना जे विचारता ते तिला विचारा. तिला ते आलं नाही, तर मी स्वतः तिला सांगेन की घरी बस. पण आलं, तर जागा द्या. सबंध परभणी जिल्ह्यात बायांसाठी एक बाई डॉक्टर नाही. पुरुष डॉक्टरला हात लावू द्यायचा नाही म्हणून घरोघरी बायका मरतात, आणि तुम्ही हैदराबादेत बसून विचारता, कोण हात लावू देईल.

नर्मदा


परभणी, २९ जून १९४६

दिनकर,

तुझं उत्तर मिळालं. टंकलेखन करून पाठवलंस. बहिणीला.

तू लिहितोस की तुझा कोणत्याही जातीला विरोध नाही. बरं. तू लिहितोस की प्रश्न लायकीचा आहे. एकदा सवलत दिली की उद्या रांग लागेल आणि कॉलेजचा दर्जा खालावेल. सवलत कोणी मागितली? मी प्रश्न मागितले होते. हाडांचे प्रश्न. आणि दर्जाचं म्हणशील तर गेल्या वर्षी तुम्ही घेतलेल्या मुलांपैकी दोघं माझ्या ओळखीच्या घरांतली आहेत. एक जण इंटरला दोनदा बसला, मामा जागीरदार म्हणून तिसऱ्यांदा बसायची वेळ आली नाही. दुसरा कोंबडी कापताना बघून आडवा होतो. त्यांना खुर्ची होती ना? त्यांचा दर्जा खुर्चीत होता.

आणि मग तुझं ते शेवटचं वाक्य. आजीचा हात इतका गुणी असेल, तर मुलीची खरी जागा दाईंच्या वर्गात आहे. तिथे तुझ्या शब्दावर प्रवेश होईल. शिवाय ते त्यांच्या रक्तातच असतं.

मी ते वाक्य वाचून कागद खाली ठेवला आणि अंगणात जाऊन आले. मी तुला शरम वाटावी म्हणून जे सांगितलं, त्याची तू शिडी केलीस, आणि ती खाली उतरायला लावलीस. तुझ्या रक्तात काय होतं रे? आपले आजोबा पाटीलकी करत होते आणि त्यांना दोन कोस चालल्यावर दम लागायचा. तुझ्या रक्तात डॉक्टरकी कुठून आली? तुला वडिलांनी शिकवलं म्हणून आली.

दुसरी गोष्ट. पत्र तुझ्या नावाचं होतं. ते कस्तुराबाईंनी फोडलं, वाचलं आणि सोनपेठला माहेरी कळवलं. आता सोनपेठच्या बाजारात भाजी विकणारीलासुद्धा ठाऊक आहे. तुझ्या सासऱ्यांनी तुझ्यासाठी प्रायश्चित्त सांगितलं आणि तू पंचगव्य घेतलंस, असंही कळलं. पन्नाशीला आलेला डॉक्टर. श्वास परत कसा केलास तेवढं मला कळव, मला कुतूहल आहे.

पण त्यापायी जे इथे झालं, त्याचं हसू येत नाही. परवा चतुराबाई आल्या. पंचाहत्तरीच्या बाई, ताडकळसहून बैलगाडीच्या मागे बसून. मी आत या म्हटलं. आल्या नाहीत. अंगणात उभ्या राहिल्या.

"बाई, तुमी कामून सांगितलं?"

मी म्हटलं, "तुमच्या नातीसाठी सांगितलं. त्याने काय विचारलं ते तिने तुम्हाला सांगितलं नाही का?"

"सांगितलं. तिनं त्वांड मिटून घेतलं, तेबी सांगितलं. मला बरं वाटलं. ती सुदरली. तुमी एवढ्या शिकलेल्या, इंग्रजी बायकांच्या शाळंत गेलेल्या, तुमाला त्वांड मिटता येईना?"

"चतुराबाई, त्याने तिचा अपमान केला."

"मग तिचा झाला. ती बघंल. तुमी माजी गोष्ट कामून इकली? त्या मायमाऊलीनं, तुमच्या आईनं, माजा हात धरून सांगितलं होतं. मी माज्या सुनंला सांगितलं न्हाई; नातीला तेवढं हातचं शिकवताना सांगितलं, तिनं पोटात ठेवलं. आता धानोऱ्याच्या पाटलाची सून अडायलीय, त्येनी दुसरीकून सुईण आणली. म्हणले, हिचं त्वांड फुटलंय. ती दुसरी कोण हाय ठावं हाय का? तिला मूल आडवं हाय का उभं, ते कळत न्हाई."

मी म्हटलं, मी जाऊन पाटलांना सांगते.

"अजून सांगता?" त्या म्हणाल्या. "लय झालं सांगणं, बाई."

पाणीसुद्धा न घेता गेल्या. बायना माझ्याकडेच राहते, पण तीही दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. काल रात्री जेवताना मी म्हटलं, तुझ्यासाठीच केलं ना मी. ती म्हणाली, "बाई, मला विचारलं असतंत, तर मी नको म्हटलं असतं." मी म्हटलं, म्हणूनच विचारलं नाही. त्यावर ती हसली, पण मला बरं वाटेल असं नाही हसली.

असो. ती गोष्ट मी पुन्हा काढणार नाही. ती माझी नव्हती.

पण जागेचं भांडण माझं आहे. तू परत बोलावत नाहीस, ठीक आहे. तुमच्या शिक्षण खात्याच्या ज्या बड्या अंमलदारांच्या सहीशिवाय तुमची यादी पुरी होत नाही, त्यांच्या बेगम हमीदा आणि मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसत होतो. मी विधवा म्हणून आणि ती पडद्यातली म्हणून, आम्हा दोघींना बाकीच्या मुली खेळायला घेत नसत. मदर सुपीरियरची नक्कल ती माझ्यापेक्षा चांगली करायची. तिला मी चार ओळी लिहिल्या आहेत. शिफारशीच्या नाहीत. एवढंच लिहिलं की एका मुलीला खुर्ची देऊन परीक्षेसारखी परीक्षा घ्या.

तू म्हणशील हा वशिला. हो. तुमच्या जागीरदाराच्या भाच्याला मामा होता, हिला हमीदा आहे.

नर्मदा


परभणी, २१ जुलै १९४६

दिनकर,

हे पत्र मी मुद्दाम लिहिते आहे. तू तिथे होतास, पण बराच वेळ तू खिडकीबाहेर बघत होतास असं बायना सांगते. पुढे कधी कोणी विचारलं, तर काय झालं ते मला आठवत नाही असं तुला म्हणता येऊ नये.

वरून हुकूम आला आणि बायनाला तुम्हाला पुन्हा बोलवावं लागलं, तेव्हा मी तिच्याबरोबर आले होते. तुझ्या शिपायाने मला बाहेर बाकावर बसवलं आणि तू माझ्यासमोरून आत गेलास. केस पिकले तुझे. चालताना वडिलांसारखा वाकतोस. मी हाक मारली नाही, तूही मान वळवली नाहीस. दोघेही एकाच आईचे, हे शिपायाने ओळखलं असेल.

या वेळी खुर्ची होती. डावीकडच्या वृद्ध प्रोफेसरांनी, मागच्या वेळी जे काहीच बोलले नव्हते त्यांनी, तिला हृदयाचे कप्पे विचारले, पित्ताचं विचारलं, पटकी कशाने होते ते विचारलं. तिने सगळं उर्दूत सांगितलं. एक चुकलं, ते चुकलं असं स्वतःच म्हणाली. हलगीवाले गृहस्थ या वेळी पेन्सिलीला टोक करत होते.

मग तू विचारलंस, "दाईचा वर्ग का नको? तुझ्या घरात ते काम आहेच."

ती म्हणाली, "घरात आहे म्हणून नको, साहेब. ते मी घरीच शिकले. आजीच्या हातून ज्या बाया गेल्या, त्या का गेल्या, ते घरात कोणाला ठाऊक नाही. ते मला शिकायचं आहे."

तू विचारलंस, "अशा किती गेल्या? कोणाच्या घरच्या?"

"ते सांगायची रीत नाही, साहेब."

हलगीवाले म्हणाले, "म्हणजे पुन्हा निरुत्तर."

त्यावर ती म्हणाली, "एका घरचं सांगू शकते, कारण ते घर माझं आहे. माझी आई. मला जन्म देऊन तासाभरात गेली, रक्त थांबलं नाही म्हणून. आजीने सगळं केलं. जे येत होतं ते सगळं. बाकीची घरं माझी नाहीत."

मला हे ठाऊक नव्हतं, दिनकर. ती सात वर्षांची होती तेव्हापासून माझ्याकडे आहे. आई नाही एवढं मला सांगितलं होतं. कोणाच्या हातात गेली, हे ना तिने सांगितलं, ना चतुराबाईंनी. दोघी एका चुलीशी बसत आल्या आणि ती गोष्ट त्यांच्यामध्ये बसत आली. मी गाडीत बसल्यावर तिला म्हटलं, मला कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, "तुमचं तोंड मला ठाऊक होतं, बाई." पूर्णा स्टेशन येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. तुला हे वाचून आनंद होईल.

तर खोलीत ती असं बोलली. मग ते वृद्ध प्रोफेसर तुझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टरसाहब, हम लड़कों को चार साल सिखाते हैं कि मरीज़ की बात बाहर नहीं कहते. फिर भी नहीं सीखते."

ती उठली, दारापर्यंत आली, तेव्हा तू मराठीत विचारलंस, "आजी बऱ्या आहेत का?" ती म्हणाली, "बऱ्या आहेत."

हा एक प्रश्न विचारलास म्हणून सगळं फिटलं असं समजू नकोस. गावची सुईण म्हणून का होईना, इतकी वर्षं तुला तो विचारता आला असता.

नर्मदा


परभणी, ११ ऑगस्ट १९४६

दिनकर,

प्रवेशाचा कागद आला. दोन विरुद्ध एक. तो एक कोण ते मला कळलं आहे. हमीदाकडून सगळं कळतं; ते हलगीवाले. म्हणजे तू हो म्हणालास. मला वाटलं होतं तसा तू अगदीच दगड नाहीस. यापेक्षा जास्त कौतुक माझ्याकडून होणार नाही.

कारण त्याच पाकिटात दुसरा कागद होता आणि त्याच्या खालीही तुझीच सही आहे. मुलींच्या वसतिगृहात उमेदवाराला जागा देता येत नाही. इतर मुलींच्या पालकांची भोजनगृहासंबंधी हरकत आहे. उमेदवाराने राहण्याची व्यवस्था स्वतः करावी, आणि ती केल्याचं महिनाअखेर न कळवल्यास जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. दार उघडायचं आणि पायरी काढून घ्यायची. हे तुम्हा तिघांना कोणत्या कॉलेजात शिकवतात?

इंटरची दोन वर्षं ती मिशनच्या बायकांकडे राहिली. त्या म्हणाल्या, पुढे ठेवू, पण आधी बाप्तिस्मा घे. बायना म्हणाली, मी डॉक्टर व्हायला आले, तुम्ही मला आणखी काहीतरी करायला लागलात. मी गेल्या आठवड्यात हैदराबादेत ओळखीच्या चार घरी खोली विचारली. पहिलं घर जात कळेपर्यंत फार गोड होतं. दुसऱ्या घरची बाई म्हणाली, "बाई, तुम्ही एकट्या या ना, तुम्हाला कधीही." बाकी दोघांची नावं लिहून शाई वाया घालवत नाही. एवढी शिकलेली माणसं, एकाच तालमीत तयार झाल्यासारखी बोलतात.

मग मी वडिलांचं मृत्युपत्र काढून वाचलं. वकिलालाही दाखवलं. हैदराबादचं घर त्यांनी दोघांच्या नावे ठेवलं आहे. मी परभणीला नोकरीवर होते म्हणून तू सगळ्या घरात राहिलास आणि मी बोलले नाही, कारण मला त्या घरात यायची इच्छा नव्हती. ती अजूनही नाही. पण रस्त्याकडच्या दोन खोल्या आणि त्यांच्यामागचं स्वयंपाकघर माझ्या वाट्याला येतं आणि मेडिकल कॉलेज तिथून चालत जायच्या अंतरावर आहे. तुमच्या कार्यालयाला मी आज कळवलं आहे: उमेदवार अमुक पत्त्यावर, घरमालकिणीच्या सोबत राहील. पत्ता वाचून तुझा कारकून गोंधळेल. त्याला समजावून सांग.

इथलं घर मी शाळेच्या नव्या मुख्याध्यापिकेला भाड्याने दिलं. येत्या बुधवारच्या गाडीने आम्ही निघतो. ताडकळसला जाऊन आलो. चतुराबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. पण निघताना बायनाला जवळ घेऊन म्हणाल्या, "तितं मुडदे कापायला लावत्यात म्हणं. भिऊ नको. पर त्येची गोष्टबी भाईर सांगू नको, तोबी कोणाच्या तरी घरचा आस्तो." धानोऱ्याच्या पाटलांची सून तीन दिवस अडली आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी चतुराबाईंनाच न्यायला गाडी पाठवली होती. त्या गेल्या. पुढे काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि या वेळी मीही विचारलं नाही.

कस्तुराबाईंना सांग की स्वयंपाक आम्ही आमचा करू. तुमच्या माणसांनी आमच्याकडे जेवलंच पाहिजे असं नाही. पण आलेल्याला मी उठवणार नाही. सोनपेठची पाहुणेमंडळी आली, तर त्यांनी रस्त्याकडच्या दाराने यायचं की मागच्या, ते त्यांनी ठरवावं. बायना रस्त्याकडच्या दाराने जाईल-येईल. तिच्या हातात हाडांची पेटी असेल. कोणी विचारलं तर काय सांगायचं ते तू बघ. मी सांगायला लागले तर फार सांगते, हे एव्हाना तुला कळलं आहे.

अंगणात नळ एकच आहे, ते माझ्या लक्षात आहे. तिचं कॉलेज सकाळी लवकर असतं. तेव्हा आधी आम्ही भरू.

आशीर्वाद,
तुझी बहीण,
नर्मदा